गाऊन पालीला पोचवायचा होता

उर्मिला खातू एका जागी स्वस्थ बसलीय, असं मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये फारसं कुणी पाहिलेलं नाही. शिलाई मशीनवर असली की तेवढी ती खुर्चीला टेकते. एरवी चहा उभ्याने, जेवण अर्धं ओट्यापाशी, आणि फोन आला की हॉल ते किचन, किचन ते गॅलरी अशा फेऱ्या. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "हिच्या पायाला भिंगरी आहे." त्यात कौतुकही होतं आणि तक्रारही.

लग्नाआधी ती माहीमला, ख्रिस्ती लग्नांतल्या गाऊनच्या एका दुकानात कामाला होती. मणी लावायला म्हणून बसली आणि बघता बघता पांढऱ्या सॅटिनवर कात्री चालवायला लागली. सॅटिन म्हणजे भलतं हट्टी कापड. सुई एकदा चुकीच्या जागी टोचली की ते भोक कायमचं दिसत राहतं. एवढ्या चुळबुळ्या बाईचं या कापडाशी जमलं कसं, हे तिच्या नवऱ्याला, ईश्वरला, कधी कळलं नाही. तो औषधांच्या गोदामात स्टोअरकीपर होता. शांत माणूस. हातातलं काम संपवून मगच दुसऱ्याकडे बघणारा.

मीरा रोडला आल्यावर उर्मिलाने घरीच काम सुरू केलं. लेस आणि अस्तर आणायला ती भायंदरच्या केबिन रोडला जायची. तिथल्याच एका दुकानात तिला बर्नडेट भेटली. उत्तनजवळच्या पाली कोळीवाड्यातली बर्नडेट भायंदरच्या बाजारात मासे विकायची. मुलीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या फ्रॉकसाठी ती जाळीचं कापड घेत होती, आणि उर्मिलाला राहवलं नाही. "हे नका घेऊ. पोरीच्या मानेला टोचेल," ती म्हणाली. बर्नडेटने कापड स्वतःच्या मानेला घासून पाहिलं आणि दुकानदाराकडे परत सरकवलं. "मंग तूच शिव," ती म्हणाली. तो फ्रॉक उर्मिलाने शिवला. तो बघून पालीतल्या दुसऱ्या बायका आल्या, मग उत्तनच्या. फ्रॉक घालणाऱ्या मुली मोठ्या होऊन गाऊन शिवायला यायला लागल्या. आता बर्नडेटची तीच मुलगी, ब्रिटनी, नवरी झाली होती.

गाडी त्यांच्या घरी उशिरा आली. रिटायर झाल्यावर ईश्वरने जुनी लाल हॅचबॅक घेतली, दोन-तीन वर्षं हौसेने चालवली, आणि मग त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसायचं, पण दोन्ही बाजू हळूहळू मिटत चालल्या होत्या. एकदा चौकात डावीकडून आलेली रिक्षा त्याला दिसलीच नाही. घरी येऊन त्याने चावी टेबलावर ठेवली. "विकून टाकू," तो म्हणाला.

"मी शिकते," उर्मिला म्हणाली. तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती.

ती शिकली, आणि बऱ्यापैकी शिकली. पण ईश्वर तिच्या शेजारी एकदाच बसला. त्याला सारखं वाटत होतं की आपल्याला दिसत नाही त्या बाजूने काहीतरी येतंय. तिला त्याचा उजवा पाय दिसत होता. समोर ब्रेक नसताना तो पाय खाली दाबत होता. त्यानंतर ती एकटीच जायची. पालीला मापं घ्यायला, ट्रायलला, तयार गाऊन पोचवायला.

गेल्या वर्षी पालीतच एक प्रकार घडला. समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत तिने गाडी लावली, हँडब्रेक ओढला असं तिला वाटलं, आणि ती आत माप घेत असताना गाडी आपली आपण मागे सरकत गेली. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंवर जाऊन थांबली. बांबू मोडले, बोंबील मातीत गेले. कुणाला लागलं नाही, पण बांबूंच्या पलीकडे एक म्हातारी बाई जाळं विणत बसली होती. ती उर्मिलाकडे बघून नुसती हसली होती. गाडी आणखी थोडी सरकली असती तर ती बाईच खाली सापडली असती. तेव्हापासून ती हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढायला लागली. पार शेवटपर्यंत, करकर आवाज थांबेपर्यंत. सपाट कंपाउंडातसुद्धा.

ब्रिटनीचं लग्न जुलैत ठरलं. पावसात मासेमारी बंद असते, घरचे पुरुष किनाऱ्यावर असतात, म्हणून तसं ठरलं. पण लग्नाच्या धावपळीत पोरगी वाळली आणि शेवटच्या ट्रायलला कंबरेत गाऊन सैल पडला. उर्मिलाने तो परत घरी आणला. त्या दिवशी उत्तन रोडवर ठिकठिकाणी पाणी होतं. गाडी त्या पाण्यातून आली, तशीच ओली कंपाउंडात उभी राहिली, आणि उर्मिलाने नेहमीसारखा दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मग पाऊस थांबलाच नाही. कंपाउंडात घोट्याएवढं पाणी साचलं, ओसरलं, पुन्हा साचलं. ती वर कंबर उसवत आणि शिवत होती. गाडीकडे कुणी बघितलंही नाही.

लग्नाच्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली. गाऊन मलमलच्या पिशवीत, त्यावर प्लास्टिक, असा गुंडाळून तिने मागच्या सीटवर आडवा घातला. लग्न चारचं होतं, पण नवरीला चढवायचा, मागची बारीक बटणं लावायची, काही कमी-जास्त झालं तर तिथेच टाके घालायचे, म्हणून तिला दुपारच्या आत पोचायचं होतं. तिने गाडी सुरू केली, हँडब्रेक खाली केला, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी मागच्या बाजूने खाली बसल्यासारखी झाली आणि जागची हलली नाही.

तिने हँडब्रेक बघितला. खालीच होता. डॅशबोर्डवरचा लाल दिवाही विझलेला होता. तिने पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला, जास्त दाबला. इंजिन ओरडलं आणि जळक्या रबरासारखा वास आला. वॉचमन छत्री घेऊन धावत आला.

"मॅडम, पीछे का चक्का घूमताच नहीं," तो वाकून बघत म्हणाला. "ब्रेक पकड लिया. बारिश में होता है."

"होता है तो अब क्या करने का?"

तिने कॅब बघितली. पालीचं नाव बघून एक ड्रायव्हर हो म्हणाला आणि लगेच कॅन्सल केलं. दुसऱ्याने फोनवर सांगितलं की तिकडून परतीचं भाडं मिळत नाही. रिक्षाचा विचारच नको. दोन्ही बाजूंनी उघडी रिक्षा आणि आत पांढरं सॅटिन. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली, मग दुसरी. साडीचा काठ भिजून पायांना चिकटला होता.

वरून गॅलरीतून ईश्वरने ते बघितलं असावं. तो जिना धरत धरत खाली आला.

"अहो, तुम्ही कशाला आलात पावसात?"

"रिव्हर्स टाक," तो म्हणाला. "पुढे नको ढकलू. हळूच मागे, मग हळूच पुढे. ॲक्सिलरेटर कमी ठेव."

"मागे जाऊन काय होणार? मला पुढे जायचंय."

"ओलाव्याने आतला ब्रेक चाकातल्या ड्रमला चिकटलाय. गंज धरतो. चिकटलेलं एका बाजूने ओढलं तर आणखी ताणतं. दोन्हीकडे हलवलं की सुटतं. बस गाडीत."

ती बसली. मागे, पुढे, मागे. तिसऱ्या की चौथ्या वेळेला मागून कटकन आवाज झाला, गाडीला हिसका बसला आणि ती सुटली. उर्मिलाने जीव भांड्यात पडल्यासारखा श्वास सोडला. ईश्वर मात्र कान देऊन उभा होता. "एक सुटलं," तो म्हणाला. "दुसरं पूर्ण सुटलं असं वाटत नाही. गॅरेजवाल्याला दाखवून जा."

"गॅरेज उघडायच्या आत मी पालीत असेन."

"मग मी येतो."

तिने वाद घातला नाही. वेळ नव्हता. तो शेजारी बसला, बेल्ट लावला, आणि ते निघाले.

पूल ओलांडून भायंदर पश्चिमेला येईपर्यंत सगळं ठीक वाटलं. पण उत्तन रोडला लागल्यावर गाडी जडजड चालायला लागली. मागे कुणीतरी दोरी बांधून धरली आहे असं वाटत होतं. उर्मिलाने गिअर खाली घेतला. मुर्धा गाव गेलं, राई गेलं. दोन्हीकडची मिठागरं पाण्याने भरून एकसारखी राखाडी दिसत होती. ईश्वरने काच थोडी खाली केली आणि नाक बाहेर काढलं.

"वास येतोय," तो म्हणाला.

"मिठागरांचा असेल."

"उर्मिला, गाडी थांबव."

"जवळच आलंय."

"मागच्या सीटवर गाऊन आहे," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "त्याच्या खाली ते चाक तापतंय."

ते ऐकून तिने गाडी बाजूला घेतली. मोर्व्याच्या पुढे, एका बंद टपरीच्या समोर. उतरून मागे गेली तर डाव्या चाकातून वाफेसारखा धूर निघत होता आणि पावसाचे थेंब त्यावर चुरचुरत होते. तिने पाण्याची बाटली घेतली तसा ईश्वरने तिचा हात धरला.

"पाणी नको. तापलेल्या लोखंडाला तडा जाईल. थंड होऊ दे."

"किती वेळ?"

"होईल तोवर."

उर्मिलाला हे उत्तर कधीच सोसलेलं नाही. तिने बर्नडेटला फोन लावला. तिकडे बायकांचा गलका होता.

"कुठं हाय तू?" बर्नडेटने विचारलं. तिने सगळं सांगितलं. "घाबरू नको. लगीन कुठं पळून जात न्हाय. टेम्पो पाठवू का आमचा? माझा ट्रॉय घेऊन येल."

मासळीचा टेम्पो. उर्मिलाने डोळे मिटले. ती पांढरी जाळी, ते मणी, आणि वर्षानुवर्षं मुरलेला बांगड्यांचा वास. "टेम्पो नको," ती म्हणाली. "ट्रॉयला स्कूटरने पाठवा." ईश्वरने शेजारून सुचवलं तशी तिने पुढे जोडलं, "हातोडी घेऊन."

मग वाट बघणं आलं. ईश्वर टपरीच्या छपराखाली उभा राहिला. ती नाही राहिली. गाडीपासून पुढच्या वळणापर्यंत आणि वळणापासून गाडीपर्यंत ती भिजत चालत राहिली. मध्येच दार उघडून पिशवीवरून हात फिरवला. मध्येच चाकाजवळ वाकून तळहात लांबूनच धरला. अजून गरम होतं. एक बस गेली आणि चिखल उडवून गेली. शेवटी ईश्वर म्हणाला, "एक सांग. त्या बांबूंच्या प्रकारानंतर तू हँडब्रेक किती जोरात ओढतेस?"

ती थांबली. "तुम्हाला कसं कळलं?"

"गॅलरीत ऐकू येतो मला. रोज वाटायचं सांगावं. पण सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, शेजारी बसायला भिता आणि वरून शिकवता."

"म्हणालेच असते," ती म्हणाली. आणि का कोण जाणे, तिला थोडं हसू आलं.

ट्रॉय आला तेव्हा चाक हात लावण्याइतकं निवलं होतं. तो ब्रिटनीचा मोठा भाऊ. लग्नाच्या पँटवर रेनकोट चढवून आला होता. ईश्वरने आधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावायला सांगितले, कारण हँडब्रेकचा भरवसा नव्हता. मग जॅक लावून मागचं चाक उचललं, नट काढले. ट्रॉय चाक काढायला वाकला, तर उर्मिला म्हणाली, "तू कपडे खराब करू नकोस. तुझ्या बहिणीचं लग्न आहे." आणि स्वतः चिखलात गुडघे टेकून बसली.

चाक निघालं. आतला गंजलेला गोल ड्रम दिसला. "लाकूड मध्ये धर," ईश्वर म्हणाला. ट्रॉयने टपरीशेजारून फळीचा तुकडा आणला. "आता ठोक. जोरात नाही. कडेकडेने, फिरवत फिरवत." तिचा पहिला घाव फार जोरात बसला. ईश्वर म्हणाला, "फुटेल." दुसरा हळू. मग ती लयीत ठोकत राहिली. मणी बसवताना हात जसा एका तालात जातो तसा. ट्रॉय मधूनमधून आत वाकून हँडब्रेक ओढत आणि सोडत होता. काळी-तांबडी भुकटी तिच्या हातांवर, मनगटांवर, साडीवर पडत होती. कितीतरी वेळ काही झालं नाही. मग ड्रम एकदम तिच्या हातात फिरला. अगदी सहज.

पालीला ते पोचले तेव्हा दुपार टळायला लागली होती. बर्नडेटच्या घरात दारापासून स्वयंपाकघरापर्यंत पाहुणे होते. ब्रिटनी आतल्या खोलीत केस बांधून, गळ्यात टॉवेल घालून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर रडून झाल्याच्या खुणा होत्या. उर्मिलाने पिशवी पलंगावर ठेवायला लावली, स्वतः मोरीत गेली आणि हात धुवायला बसली. साबण झाला, राख झाली, खोबरेल तेल झालं. वरचं निघालं. पण नखांत आणि तळहाताच्या रेषांत काळं तसंच राहिलं. तिने पांढऱ्या रुमालाला बोट पुसून बघितलं. रुमालावर डाग उमटला.

ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बर्नडेटने तिच्या हातांकडे बघितलं आणि तिला समजलं.

"सांग, कसं करायचं ते," बर्नडेट म्हणाली. "मी करते."

"मागे साखळीसारखी बटणं आहेत. प्रत्येकाला दोऱ्याचा बारीक फास. वरून नाही, खालून लावायची. कंबरेपासून वर."

उर्मिलाने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकात एक अडकवून ठेवले. बर्नडेटची बोटं मासळी कापून राठ झालेली, जागोजागी जुने व्रण. ती एक बटण लावायची आणि थांबायची. उर्मिलाला ते बघवत नव्हतं. प्रत्येक फासाला तिचा हात पुढे जायला निघायचा आणि ती तो मागे दाबून धरायची. "जरा डावीकडे. नाही, फास वळलाय. सरळ करा. ओढू नका." ब्रिटनी श्वास रोखून उभी होती. मध्येच बर्नडेटच्या हातून एक बटण निसटलं, दोनदा निसटलं, आणि ती म्हणाली, "उर्मिला, तू बोलत राहा. तू गप झालीस की माझा हात चुकतो."

मग उर्मिला बोलत राहिली. त्या पहिल्या फ्रॉकबद्दल. ब्रिटनी तेव्हा ट्रायलला उभी राहायला तयार नव्हती, माप घेताना खोलीभर पळत होती, आणि एका बाहीची लेस तिने पळता पळता दाराच्या कडीत अडकवून फाडली होती. ब्रिटनीला हसू आलं, खांदे हलले, आणि बर्नडेट ओरडली, "हलू नको." शेवटचं बटण लागलं तेव्हा खोलीतल्या बायका पुढे सरकून बघायला लागल्या. कंबर बरोबर बसली होती.

एरवी गाऊन दिला की उर्मिला निघून यायची. इतक्या वर्षांत कुणाच्या लग्नाला ती थांबली नव्हती. चर्चमध्ये बसून आपलीच शिवण उसवेल का, याकडे बघत राहणं तिला झेपणारं नव्हतं. पण त्या दिवशी ईश्वर म्हणाला, "चाक लगेच परत तापवायला नको. थांबू या." बर्नडेटने आपली एक साडी तिच्या अंगावर टाकली, आणि ते दोघं चर्चच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

नवरी वडिलांच्या हाताला धरून आत आली तसा ईश्वर मान इकडेतिकडे करायला लागला. ती त्याच्या नजरेच्या मिटलेल्या बाजूने चालली होती.

"कुठे आहे?" त्याने हळूच विचारलं.

"आता तुमच्या समोर येईल. थांबा. आली."

"पांढरं दिसतंय. बाकी?"

मग ती त्याच्या कानाशी लागून सांगत राहिली. बाह्या कोपरापर्यंत जाळीच्या आहेत. कंबरेला बारीक पट्टी आहे, तिथेच मी उसवून परत घेतलं. मागचा घोळ पायरीवर थोडा अडकतोय, ट्रॉयने उचलला, बरं झालं. सांगताना तिचा पाय हलत होता. ईश्वरने तिला थांबवलं नाही.

सोमवारी गॅरेजवाल्याने मागचे दोन्ही ड्रम उघडले, गंज घासून काढला, हँडब्रेकची आखडलेली केबल बदलली. भरपावसात असं दोन-चार गाड्यांचं होतंच, असं म्हणाला. आता पावसाळ्यात गाडी घरी आणताना उर्मिला शेवटच्या वळणानंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडं अंतर जाते, म्हणजे आतलं पाणी सुकतं. कंपाउंडात गाडी गिअरमध्ये ठेवते, हँडब्रेक सोडून देते, चाकाला वीट लावते. मग वर येते आणि वीट नीट बसलीय ना, हे बघायला पुन्हा खाली जाते. काही दिवस गाडी हलली नाही तर कंपाउंडातच पुढे-मागे करून ठेवते.

पुढच्या महिन्यात उत्तनच्या एका मुलीचं माप घ्यायचं ठरलं. उर्मिला चावी घेऊन निघाली तर ईश्वर दाराशी चप्पल घालत होता.

"तुम्ही कुठे?"

"येतो," तो म्हणाला. "बाजूचं मला दिसत नाही, तर बोलत चल."